कोण कोणासाठी थांबलंय?

मावसभावाचा मेसेज आला. "दादा, आरएक्स ६६०० घेऊ की आरटीएक्स ३०५०? पटकन सांग." दोन्ही ग्राफिक्स कार्डं, गेमचं चित्र काढणारी. मी विचारलं, प्रोसेसर कोणता आहे तुझा? उत्तर आलं, "आय५."

आता याला काय म्हणायचं. इंटेलचे आय५ २००९ पासून निघतायत. दारात कोण आलंय विचारावं आणि आतून "माणूस" असं उत्तर यावं, तशातला प्रकार. पण त्याला हसायचा मला काही अधिकार नाही. तीन वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. प्रोसेसरकडे न बघता थेट कार्ड विकत घेतलं.

माझ्याकडे तेव्हा आय५-७४०० होता, चार कोअर, म्हणजे काम करणारे चार हात, आणि थ्रेडही, म्हणजे एका वेळी उचलता येणारी कामंही, चारच. सोबत ४ जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. दिवसा सबटायटल्सचं काम करतो, म्हणजे एका बाजूला व्हिडिओ, मध्ये सबटायटलचा सॉफ्टवेअर, मागे ब्राउझरचे पंचवीस-तीस टॅब. ते टॅब संध्याकाळी बंद करायचा मला कंटाळा. तसेच उघडे ठेवून मित्रांबरोबर गेम, कानात डिस्कॉर्डवरच्या गप्पा. गेममध्ये गर्दी वाढली की चित्र अडकायचं. अर्धा सेकंद थिजायचं, आणि पुन्हा हलायला लागायचं तेव्हा मी मेलेलो असायचो.

चित्र अडकतंय म्हणजे चित्र काढणारा दमलाय, हा माझा सरळ हिशोब. पैसे साठवून आरएक्स ६६०० आणलं. बसवलं, सेटिंग्ज हायवर टाकल्या, पहिली दहा मिनिटं नुसता कॅमेरा फिरवून पाणी आणि सावल्या बघत बसलो. मग गर्दी झाली. चित्र आता फार सुंदर झालं होतं, आणि ते सुंदर चित्रच अडकत होतं.

त्या रात्री पहिल्यांदा कार्डाच्या ड्रायव्हरमधली आकड्यांची पट्टी चालू केली. प्रोसेसर ९८, ९९, १०० टक्के. कार्ड पन्नास-पंचावन्न. म्हणजे नवं कोरं कार्ड अर्धा वेळ हात बांधून बसलेलं.

गेम चालताना होतं काय, तर प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्रासाठी, आधी प्रोसेसरला काम करावं लागतं. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, कुठलं दार उघडलं, हे सगळं ठरवून तो कार्डाला हुकूम सोडतो की हे हे काढ. मग कार्ड रंगवतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्यात तर एका फ्रेमला मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. १४४ हव्या असतील तर ७ सुद्धा नाहीत. प्रोसेसरनेच २५ मिलिसेकंद खाल्ले तर पुढे कितीही तगडं कार्ड असो, त्याला वाट बघण्यापलीकडे काम नाही. आणि माझ्या चार कोअरकडे गेमबरोबर डिस्कॉर्ड, ब्राउझर, अँटिव्हायरस अशा सगळ्यांनीच हात पसरलेले. सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम तो आकडा, बरा दिसायचा, म्हणून तर मी फसलो. खेळताना खटकते ती सरासरी नाही, अधूनमधून येणारी एखादी फ्रेम खटकते, जिला बाकीच्यांच्या तिप्पट वेळ लागतो. रिव्ह्यूमध्ये '१ टक्का लो' म्हणून जो आकडा देतात तो याचाच. मी आता तोच आधी वाचतो.

यावरची चाचणी फुकट आहे, हेच मला सगळ्यात झोंबलं. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणायचं. १०८० मध्ये एका फ्रेमला २०,७३,६०० ठिपके काढावे लागतात, ७२० मध्ये ९,२१,६००. कार्डाचं काम निम्म्याहून कमी होतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. एफपीएस टुणकन वर गेला तर अडचण कार्डाची. जिथल्या तिथे राहिला तर प्रोसेसरची. माझा जिथल्या तिथे राहिला. पाच मिनिटांचं काम, पण खरेदीआधी सुचलं नाही.

मग प्रोसेसर शोधायला बसलो. निव्वळ गेमच खेळायचा असता तर चार कोअर, आठ थ्रेडच्या आय३-१२१००एफवर भागलं असतं. पण माझी टॅब न मिटवण्याची सवय मला माहीत आहे. म्हणून सहा कोअर, बारा थ्रेड हे ठरवूनच टाकलं. त्यात दोनच नावं उरली, एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि इंटेलचा आय५-१२४००एफ. दोन्ही २०२२ चे, दोन्ही सहा-बारा. एकमेकांसमोर ठेवून दोन आठवडे व्हिडिओ बघितले आणि शेवटी कळलं की त्यातल्या एकाला डावं म्हणावं असा फरकच नाही. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डावर बसत नाही, म्हणून बोर्डासकट जो संच स्वस्त पडेल तो घ्यायचा. मला बी५५० बोर्डाबरोबर ५६०० स्वस्त पडला, विषय संपला. त्याचं एएम४ सॉकेट, म्हणजे प्रोसेसरची बैठक, २०१६ चं, पुढच्या पिढीचे प्रोसेसर त्यात बसत नाहीत, हे मान्य. पण नव्या एएम५ वर जायचं तर डीडीआर५ रॅमच लागते, आणि माझा खिसा आधीच त्या कार्डाने रिकामा केला होता.

नावांच्या शेपट्यांकडे मात्र नीट बघा. इंटेलच्या नावामागे एफ असला की आतलं ग्राफिक्स नाही. रायझनच्या या पिढीत उलट, शेवटी 'जी' हे अक्षर असलं तर आतलं ग्राफिक्स आहे. ५६०० आणि ५५०० हे सख्खे भाऊ वाटतात. दोघांचे सहा कोअर, बारा थ्रेड. पण ५६०० ला ३२ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ५५०० ला १६, आणि गेमना कॅशची भूक मोठी. शिवाय प्रोसेसर आणि कार्डामधला रस्ता म्हणजे पीसीआयई, त्याच्या जुन्या ३.० पिढीवरच ५५०० थांबतो. हे शेवटचं कार्ड निवडताना आडवं येतं, त्याबद्दल खाली.

जोडणीच्या दिवसाची गोष्ट सांगायलाच हवी. बोर्ड, प्रोसेसर, पंखा, सगळं बसवलं. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी. रॅम काढून घातली. कार्ड काढून घातलं. प्रोसेसरची पिन वाकली असेल म्हणून पेस्ट पुसून तोही उचलून बघितला. दोन तास गेले. बोर्ड परत पाठवायचा खोकाही शोधून ठेवला. बायको मागे उभी राहून बघत होती, ती म्हणाली, "ती वायर जुन्या डब्यात खाली होती ना? आता वर का?" एचडीएमआय मी मदरबोर्डच्या भोकात खुपसली होती. ५६०० ला आतलं ग्राफिक्सच नाही, त्या भोकातून चित्र येणार कुठून? वायर खाली कार्डात घातली, स्क्रीन लागली. त्यावर घरात अजून बोललं जातं.

रॅमचंही तसंच. जुन्या २४०० वेगाच्या काड्या बाजूला ठेवून ३२०० च्या दोन, आठ-आठ जीबीच्या घेतल्या. दोन अशासाठी की मग दोन्ही चॅनेल चालतात. एकच सोळाची घातली तर प्रोसेसरला अर्ध्या रस्त्यावरून डेटा ओढावा लागतो. सगळं बरोबर केलं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय, तेवढं चालू केलं नाही. दोन महिन्यांनी टास्क मॅनेजर उघडला तर मेमरीचा वेग २४००. नवी रॅम जुन्याच चालीने चालत होती. मल्टिटास्किंगसाठी म्हणाल तर सोळा जीबीच्या खाली जाऊ नका. रॅम भरली की विंडोज डिस्कवर सामान टाकायला लागतं, आणि मग सहा कोअर असोत की बारा, सगळे सारखेच रखडतात.

आता भावाचा मूळ प्रश्न. १०८० वर खेळायचं तर त्या दोघांत मी आरएक्स ६६०० म्हणेन, नुसत्या गेमच्या वेगात ते पुढे आहे. ३०५० घ्यायचंच असेल तर कोणतं, ते खोक्यावर वाचून घ्या. ८ जीबीचं २०२२ चं, ६ जीबीचं २०२४ चं. नुसती मेमरी कमी केली असती तर चाललं असतं, पण कोअरही २५६० चे २३०४ केले आणि मेमरीचा रस्ता १२८ बिटचा ९६ केला. नाव तेच. हे मला पटत नाही. एक मात्र आहे, ६ जीबीवालं ७० वॅटवर चालतं. ज्याच्या वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसला कार्डाची वेगळी वायरच नाही, त्याची त्यात सोय होते.

आणि आरएक्स ६५०० एक्सटी. ४ जीबी मेमरी, पीसीआयईच्या चारच लेन. कार्डाची मेमरी भरली की ते साध्या रॅमकडे धावतं, आणि जुन्या ३.० च्या बोर्डावर, किंवा ५५०० सोबत, त्या चार लेनची गल्ली आणखी अर्धी होते. म्हणजे जुन्या मशीनवाल्याने स्वस्त म्हणून घ्यायचं आणि जुन्या मशीनवरच ते सगळ्यात जास्त लंगडायचं. त्यात व्हिडिओ एन्कोडरही नाही. खेळताना रेकॉर्डिंग करायचं म्हटलं तर सगळा भार पुन्हा प्रोसेसरवर.

हे सगळं भावाला फोनवर सांगितलं. म्हटलं, आधी गेम लाव, दहा मिनिटं खेळ, आकडे पाठव. रात्री फोटो आला. प्रोसेसर आय५-१२४००एफ, चाळीस टक्क्यांवर. कार्ड जीटीएक्स १६५०, ९९. माझ्या अगदी उलट. याला खरंच कार्ड हवंय. खाली मेमरीच्या रकान्यात आठ जीबी, आणि दोन स्लॉटपैकी एकच भरलेला.

"अजून एक आठची काडी घाल, आणि ६६०० घे," मी लिहिलं. "पण आधी डब्याचं झाकण काढून एसएमपीएसच्या लेबलचा फोटो पाठव. आणि कार्डाला लावायची आठ पिनची वायर आहे का तेही बघ."

"झाकण कसं काढायचं?"

मागचे दोन स्क्रू, म्हणून कळवलंय. त्याला आता तीन दिवस झाले.