खड्ड्यात टांगलेलं झाड

आज इंग्लंडमधल्या लीड्सला चक्क लख्ख ऊन पडलं, मग घरात कोण बसतं! सरळ यॉर्कशायर स्कल्प्चर पार्क हे मोकळ्यावरचं शिल्पउद्यान गाठलं. हेन्री मूरची अवाढव्य ब्राँझ शिल्पं, आजूबाजूला चरणाऱ्या मेंढ्या, सगळं झकास. पण माझे पाय अडकले ते पानं, दगड, बर्फ असल्या निसर्गातल्याच वस्तूंतून शिल्पं करणाऱ्या अँडी गोल्ड्सवर्दीच्या ‘हँगिंग ट्रीज’पाशी.

काम २००७ सालचं. जमिनीत खोल चौकोनी खड्डा, चहूबाजूंनी दगडी भिंत. आपल्या कोकणातला गडगाच म्हणा ना! चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आणि या भिंतीतून त्या भिंतीत आडवं अडकवलेलं अख्खं खोड, तेही उन्मळून पडलेल्या झाडाचं. असे तीन खड्डे. काठावर ओणवून पाहिलं. खोडाला लांबलचक भेगा, फटींत शेवाळ, एका टोकाला लाकूड पार भुसभुशीत. दगड मात्र जिथल्या तिथे.

हा गोल्ड्सवर्दी बाबा पोरवयापासून शेतांवर राबलेला. त्याची एरवीची कामं म्हणजे पानं काट्यांनी टाचायची, बर्फाच्या कांड्या थुंकीने चिकटवायच्या, ऊन चढलं की खेळ खलास. उरतो फक्त फोटो. खरं सांगू? ते फोटो मला जरा जास्तच देखणे वाटतात. नासणं, कुजणं त्यांत दिसतच नाही. इथे दिसतं, आणि ओल्या मातीचा वासही येतो.

परतताना बायकोचा व्यवहारी प्रश्न: “खोड कुजून खाली पडलं की नवं बसवणार, की खड्डा तसाच ठेवणार?” मी म्हणतो, तसाच ठेवावा. तिला नवं झाड हवंय. गाडीत घरापर्यंत वाद. तुम्ही कुणाच्या बाजूने?