७९ व्या ओळीतलं फिझबझ

शनिवारी रात्री माझ्या स्क्रीनवर ७९ व्या ओळीत फिझबझ आलं आणि ८० व्या ओळीत एक लांबलचक आकडा, आणि व्हायला हवं होतं नेमकं उलटं. झोप उडाली. मग रविवार सगळा त्यातच गेला आणि आता लिहिते आहे, कारण त्या एका ओळीने मला फिबोनाचीबद्दल जे शिकवलं ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

आधी खेळ काय ते सांगते. फिझबझ बहुतेकांनी इंटरव्ह्यूत लिहिलेलं असतं, १ ते १०० आकडे छापायचे, ३ ने निःशेष भाग गेला तर आकड्याऐवजी फिझ, ५ ने गेला तर बझ, दोन्हींनी गेला तर फिझबझ. यात फक्त एक बदल करायचा, १ ते १०० च्या जागी पहिले शंभर फिबोनाची आकडे घ्यायचे, म्हणजे १, १, २, ३, ५, ८, १३ अशी प्रत्येक वेळी मागच्या दोघांची बेरीज. आणि हे कोड गोल्फ आहे, म्हणजे गोल्फमध्ये जसे कमी फटके तसे इथे कमी बाइट (एक इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह म्हणजे एक बाइट), प्रोग्रॅम जितका छोटा तितका चांगला.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत माझा पहिला सरळसोट प्रयत्न ७८ बाइटचा झाला. पहिली बचत बारीकशी होती पण मला फार आवडते. बाकी शून्य आहे का असं विचारायचं तर दोन बरोबरची चिन्हं आणि शून्य, तीन अक्षरं लागतात, पण बाकी १ पेक्षा लहान आहे का असं विचारलं तर दोनच, आणि बाकी ऋण येत नाही त्यामुळे अर्थ तोच. दोन ठिकाणी केलं, ७६. मग फॉर लूप, म्हणजे तेच काम शंभर वेळा करायला सांगणारी ओळ, काढून टाकला, सगळी ओळ एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे नुसता मजकूर म्हणून, ठेवली, स्ट्रिंगला शंभरने गुणलं (तोच मजकूर शंभरदा) आणि मजकूर प्रोग्रॅम म्हणून चालवणाऱ्या एक्झेकला दिली, एकदम ७ बाइट वाचले, ६९. यात इफ-एल्स (जर-नाहीतर) कुठेच नाही, फिझ या शब्दाला खऱ्या-खोट्याने गुणायचं, खरं असेल तर शब्द राहतो, खोटं असेल तर रिकामी स्ट्रिंग, आणि दोन्ही रिकाम्या निघाल्या की 'ऑर' (किंवा) पुढचा आकडा आपोआप छापला जातो.

आता आउटपुट बघा: १, १, २, फिझ, बझ, ८, १३, फिझ, ३४, बझ, ८९, फिझ, २३३, ३७७, बझ, फिझ, १५९७, २५८४, ४१८१ आणि विसाव्या जागी ६७६५ चं फिझबझ. हे मी आठवीतल्या भाचीला दाखवलं तर ती बोट ठेवत ठेवत मोजत गेली आणि म्हणाली, "मावशी, फिझ दर चौथ्याला येतंय बघ." खरंच की! फिझ ४, ८, १२, १६ ला, बझ ५, १०, १५ ला, आणि दोन्ही एकत्र २० ला. आकडे एवढे झपाट्याने वाढतायत, पण भाग जाण्याची जागा घड्याळासारखी ठरलेली.

का, ते आम्ही वहीच्या मागच्या पानावर काढलं. आकडे विसरून फक्त ३ ने भागल्यावरची बाकी लिहायची: १, १, २, ०, २, २, १, ० आणि मग परत १, १. दोन बाक्या ठरल्या की पुढचं सगळं ठरलं, म्हणून आठ पावलांनंतर तेच चक्र, आणि त्यात शून्य बरोबर चौथ्या आणि आठव्या जागी. ५ चं चक्र मोठं आहे, २० चं, पण शून्य दर पाचव्या जागी. ३ हा स्वतः चौथा फिबोनाची आकडा आहे आणि ५ हा पाचवा, तिथूनच हे येतं, आणि ५ चं तर आकडा आणि जागा एकच! भाचीने लगेच ७ करून बघितला, तो दर आठव्या जागी येतो, आठवा आकडा २१ आहे ना.

म्हणजे आकड्याला भागायची गरजच नाही, नुसती जागा मोजली तरी पुरते. ते करून बघितलं तर ७४ बाइट झाले, कारण जागा मोजायला काउंटर लागतो आणि एक्झेकमध्ये तो फुकट मिळत नाही. बाइटात हरलं, पण शनिवारच्या रात्रीचं उत्तर मला यातच मिळालं.

ती रात्र जावास्क्रिप्टची होती, हेच मी त्या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलं होतं. तिथला साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच प्रत्येक पूर्णांक नीट धरतो, त्याच्या पुढे विषम आकडे त्याला लिहिताच येत नाहीत. ७८ वा फिबोनाची याच्या जरा खाली बसतो. ७९ वा आहे १४४७२३३४०२४६७६२२१, विषम, म्हणून मशीनने शेवटचा १ सोडला आणि ०ने शेवट होणारा आकडा धरला. आता शाळेतली कसोटी लावा, शेवटी ० म्हणजे ५ ने भाग जातो, आणि अंकांची बेरीज ५७ म्हणजे ३ नेही जातो! एका अंकाची चूक, आणि नसलेलं फिझबझ उभं राहिलं. तीच चूक ८० व्यात उतरली, ५ ने संपायला हवा तो आकडा ४ ने संपला आणि खरं फिझबझ गेलं. जागा मोजली असती तर निदान शब्द तरी आपापल्या जागी आले असते. बिगइंट, म्हणजे कितीही मोठा पूर्णांक धरणारा प्रकार, वापरला की सगळंच सुटतं, बाइट वाढतात एवढंच.

शेवटी मराठीत पण करून बघितलं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट खातं, काना-वेलांटीसकट, म्हणून फिझ ९ बाइट आणि बझ ६, इंग्रजीत दोन्ही ४-४ चे. ६९ चे ७६ झाले. हे मोजताना शाळेतली मात्रावृत्तं आठवत होती, लघुची १ मात्रा, गुरूच्या २, आणि अमुक मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल हा प्रश्न. ४ मात्रांची ओळ ५ प्रकारे, ५ मात्रांची ८ प्रकारे, म्हणजे हेच आकडे! फिबोनाचीने १२०२ मध्ये सशांच्या जोड्या मोजल्या, त्याच्या आधीच हेमचंद्राने, आणि त्याच्याही कित्येक शतकं आधी विरहांकाने छंदशास्त्रात ते मांडले होते. अक्षराला किंमत लावून ओळ बसवायची, मी रविवारभर तेच तर करत होते.

६९ च्या खाली कुणी गेलं तर मला पाठवा. पायथन ३, शंभर ओळी, आणि पाठवायच्या आधी ८० वी ओळ बघून घ्या.