लाल पट्टीचा एक तास

गोव्यात पेडण्याजवळच्या मालपे बोगद्यात पाणी आलं आणि कोकण रेल्वे ठप्प झाली, ती ९ जुलै २०२४, मंगळवारची दुपार. रात्री गाड्या सुरू झाल्या म्हणून हुश्श करावं तर पहाटे पुन्हा पाणी नि चिखल. बुधवारी सकाळी मी पणजीत पाटोवरच्या आमच्या कॉल सेंटरात पोचले तेव्हा क्यूचा, म्हणजे ताटकळलेल्या फोनच्या रांगेचा, आकडा बघवत नव्हता. आमची प्रोसेस प्रवासाच्या बुकिंगची, मराठी-हिंदी लाइन. काही गाड्या रद्द, काही लोंढा-मिरजमार्गे वळवलेल्या, आणि वाटेत अडकलेला जो तो आम्हालाच फोन लावत होता.

मी फोन घेत नाही. मी आरटीए, म्हणजे रिअल टाइम ॲनालिस्ट. कोण ठरल्या मिनिटाला ठरलेलं काम करतंय, यावर नजर ठेवायची. स्क्रीनवर प्रत्येक एजंटच्या नावापुढे दोन पट्ट्या असतात. वरची रोस्टरची, खालची प्रत्यक्षातली. जुळल्या की हिरवं, फरक पडला की लाल. दिवसाअखेर हिरव्याची टक्केवारी काढली की झाला ॲडहेरन्स. आमच्याकडे ९२च्या खाली गेलं की इन्सेंटिव्हला कात्री. फ्लोअरवर मला पाठीमागे पोलीस म्हणतात, समोर ताई.

हा काटेकोरपणा उगाच नाही, हे आधी सांगते. किती फोनना किती माणसं लागतील याचं गणित डेन्मार्कच्या एर्लांगने १९१७ साली मांडलं, आणि आजही आमची रोस्टरं त्याच सूत्रावर निघतात, अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडून. ८० टक्के फोन २० सेकंदांत उचलायचे असतील तर त्या अर्ध्या तासात तेवढी माणसं खुर्चीत हवीतच. गर्दीच्या वेळी दोघं जास्तीचे चहाला गेले तर रांग थोडीथोडकी वाढत नाही, फुगतच जाते. संध्याकाळी तासभर जादा बसून दुपारची रांग कमी होत नसते. म्हणून नुसते एकूण तास भरले का, एवढं बघून भागत नाही. ते कन्फॉर्मन्स. ॲडहेरन्स म्हणजे ते तास वेळच्या वेळी भरले का.

तर त्या दिवशी पेडण्याकडची एक मुलगी. लंच १ ते १:३०. तिला १२:५२ला फोन आला. थिवी स्टेशनवर एक आजोबा, बरोबर आजी, जायचंय चिपळूणला, गाडी वळवलेली. १:०० वाजले, पट्टी लाल. १:१० झाले, तरी लाल. मी चॅटवर विचारलं, ‘लंच?’ उत्तर आलं, ‘आजोबा आहेत ताई, टीडीआर भरतेय.’ टीडीआर म्हणजे तिकिटाच्या रिफंडचा अर्ज.

मी हेडफोन लावून तिच्या कॉलवर गेले. आजोबांना ॲप उघडता येत होतं, पुढचं काही नाही. ती एकेक पायरी सांगत होती. “वर तीन रेघा दिसतायत ना आजोबा? त्यावर बोट ठेवा.” मध्येच पलीकडून आजींचा आवाज, “अहो, तिला विचारा, रात्र इथंच काढायची का?” बोगदा हिच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आज गाडीची वाट बघण्यात अर्थ नाही हे हिला रेल्वेच्या आधी ठाऊक. म्हणाली, थिवीहून म्हापशाला या, म्हापशाहून सावंतवाडीची बस, तिथून एसटीने पुढे. स्टँडवर पोचल्यावर आधी काहीतरी खाऊन घ्या. हे आमच्या स्क्रिप्टमध्ये कुठेच नाही.

नोंदी पुऱ्या करून ती उठली तेव्हा १:३० झाले होते. कँटीनमधली माशाची कढी संपलेली. तिने डाळभात खाल्ला आणि २ वाजता परत लॉगिन.

आता हिशेब बघा. १ ते १:३० ती जेवायला हवी होती, फोनवर होती: ३० मिनिटं लाल. १:३० ते २ फोनवर हवी होती, जेवत होती: आणखी ३० लाल. शिफ्ट ९ तासांची, म्हणजे ५४० मिनिटं. त्यातली ६० गेली, ॲडहेरन्स ८८.९. काम मात्र एका मिनिटानेही कमी नाही. उशीर एकदाच झाला, सिस्टिमने दोनदा मोजला.

लांबलेल्या कॉलसाठी एक्सेप्शन टाकता येतं, म्हणजे ती लाल मिनिटं माफ करून घेता येतात; त्याला कॉलचा तपशील लागतो. म्हणून मी आजोबांचा नंबर शोधला. त्याच दिवशी १२:४३ला हाच नंबर दुसऱ्या एजंटकडे लागला होता. कॉल सव्वा मिनिटाचा, मग ट्रान्सफर. त्या एजंटचा ब्रेक १२:४५चा. रेकॉर्डिंग ऐकलं: “काका, तुमचा कॉल रिफंड डेस्कला देतो, लाइनवर राहा.” आमच्याकडे रिफंड डेस्क नावाचं काही नाही. कॉल परत त्याच क्यूत, शेपटाला. आजोबा आणखी सात मिनिटं ट्यून ऐकत बसले आणि मग पेडण्याच्या मुलीकडे लागले.

त्या पठ्ठ्याचा त्या दिवशीचा ॲडहेरन्स ९८. फ्लोअरवर सर्वांत वर.

संध्याकाळी थांबून मी महिन्याभराच्या ट्रान्सफरच्या वेळा ब्रेकच्या वेळांशेजारी लावल्या. ब्रेकच्या आधीच्या दोन मिनिटांत ट्रान्सफरचा नुसता ढीग. तो एकटा नव्हता. आम्ही मिनिटं मोजतो हे पोरांना कळलं होतं, आणि मिनिटं वाचवायची कुठे हेही.

टीएलला, म्हणजे टीम लीडरला, दाखवलं. तो म्हणाला, “सगळ्यांनाच एक्सेप्शन देत बसलीस तर तुझ्या रिपोर्टला अर्थ काय उरला?” प्रश्न खोटा नव्हता. उद्या जो तो लांबलेल्या कॉलचं कारण पुढे करील. मी म्हटलं, तिचं एक्सेप्शन राहू दे बाजूला, निदान ब्रेकच्या तोंडावरचे ट्रान्सफर रिपोर्टमध्ये वेगळे दाखवू. तो बराच वेळ यादी खालीवर करत राहिला. मग त्याने दोन्ही गोष्टी क्लायंटला मेल केल्या.

चार दिवसांनी उत्तर आलं. एक्सेप्शन मंजूर. ट्रान्सफरचा विषय ॲडहेरन्सचा नाही, क्वालिटीचा आहे, तिकडे पाठवा. क्वालिटीवाले एजंटमागे महिन्याला मोजकेच कॉल ऐकतात. हा कॉल त्यांच्या सँपलमध्ये आलेला नव्हता.

महिनाअखेरीला इन्सेंटिव्हची यादी लागली. तिचं नाव होतं. त्याचंही होतं, तिच्या बरंच वर.