तुम्ही विचारलंत म्हणून: लेखकाने हे सारे ठरवून केलेले असते का?

कविता किंवा कथा उलगडून दाखवताना एखाद्या प्रतिमेवर किंवा निवेदनाच्या वळणावर थोडे थांबले, की एक प्रश्न हमखास येतो: "लेखकाने एवढा विचार खरोखरच केला होता का, की हे अर्थ तुम्हीच काढता आहात?" साहित्य शिकवताना हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो विचारणाऱ्याला संहितेवर अन्याय होऊ नये अशी काळजी असते.

लेखकांनाच विचारून पाहिले तर उत्तरे टोकाची मिळतात. एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन कवीने १८४६ मध्ये लिहिलेल्या निबंधात आपली 'द रेव्हन' ही कविता लांबीपासून ध्रुवपदातील ध्वनीपर्यंत पूर्ण हिशेबाने रचल्याचे सांगितले. इंग्रज कवी कोलरिजने १८१६ मध्ये 'कुब्ला खान' ही कविता प्रसिद्ध करताना ती झोपेत सुचल्याचे लिहिले. दोघांच्याही सांगण्यावर अभ्यासकांनी शंका घेतली आहे. मात्र दोन्ही विधाने अक्षरशः खरी मानली, तरी या दोन कवितांची लय आणि नादरचना तपासण्याची आपली रीत बदलत नाही. टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड' या दीर्घकवितेचे मूळ मसुदे १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचा कविमित्र एझ्रा पाउंड याने त्यातला किती मोठा भाग कापला होता हे सर्वांना पाहता आले. त्या कवितेतल्या ज्या तुटकपणात वाचकांना एका विस्कटलेल्या काळाचा अर्थ जाणवत आला, तो काही अंशी दुसऱ्याच्या हातून घडलेला आहे. मग तिथे हेतू नक्की कोणाचा म्हणायचा? म्हणून लेखकाच्या मनात काय होते याऐवजी ही रचना काय घडवते, असे मी विचारते, आणि ते तपासता येते.

दोन वाक्ये घेऊ. पहिले असे: "तो आज येईल अशी तिला आशा होती." दुसरे असे: "तिने दाराकडे पाहिले. तो आज येणारच होता. न येऊन जाईल कुठे?" माहिती दोन्हींत जवळजवळ सारखीच आहे. पहिल्या वाक्यात निवेदक तिच्या आणि आपल्या मध्ये उभा आहे, आणि 'आशा' हा शब्द वापरून तो येणे अनिश्चित असल्याचेही त्याने सुचवून टाकले आहे. दुसऱ्यात मध्ये कोणीच नाही. 'न येऊन जाईल कुठे' ही बोलण्यातली धाटणी तिची आहे, निवेदकाची नव्हे, हे अवतरणचिन्हे नसतानाही आपल्याला कळते. क्षणभर आपणही तिच्या खात्रीत सामील होतो, आणि तो आला नाही तर फसगत तिच्याबरोबर आपलीही होते. शिवाय तो येणार असल्याची हमी निवेदकाने कुठेही दिलेली नाही. विश्वास आणि त्याचा फोलपणा एकाच वाक्यात धरून ठेवण्याचे हे सामर्थ्य निवेदनतंत्राचे आहे. तंत्र काढून घेतले की तो अर्थच उरत नाही.

हे केवळ वर्गातले बारकावे आहेत असे ज्यांना वाटते, त्यांना मी फ्रेंच लेखक फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी' या कादंबरीवरील खटल्याची आठवण करून देते. नीतिमत्तेला धक्का लावल्याच्या आरोपावरून १८५७ मध्ये तो पॅरिसमध्ये चालला, आणि सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांचा एक आक्षेप असा होता, की या पुस्तकात विवाहबाह्य संबंध ठेवणाऱ्या नायिकेला, एम्माला, दोषी ठरवू शकेल असे कोणीच नाही. वाचक म्हणून त्यांचे निरीक्षण अचूक होते. फ्लोबेरचा निवेदक एम्माच्या मनातले तिच्याच नजरेतून सांगतो आणि न्यायनिवाडा करायला पुढे येत नाही. निवाड्याचा भार वाचकावर येतो. फ्लोबेर निर्दोष सुटला, पण निवेदकाचे हे मौन किती बोलते, हे त्या न्यायालयात दिसून गेले.

मग वाटेल तो अर्थ काढायला मोकळीक आहे का? मुळीच नाही. 'सूर्य मावळला' हे संस्कृत काव्यशास्त्रातले प्रसिद्ध उदाहरण आहे: वाक्य तेच, पण कोण कोणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हणतो यावर त्यातून सुचणारा अर्थ बदलतो. व्यंजनेने, म्हणजे शब्दांच्या सुचवण्याच्या शक्तीने, अर्थ अनेक होतात, तरी प्रत्येकाला प्रसंगाचा आधार लागतो. नवव्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनीला, म्हणजे अशा सुचवलेल्या अर्थाला, काव्याचा आत्मा म्हटले, तेही असंख्य श्लोकांची शब्दशः चिकित्सा करत. एखाद्या कथेत निळा पडदा एकदाच येऊन गेला आणि पुढे त्याचा कशाशीच संबंध जुळला नाही, तर त्याला दुःखाचे प्रतीक ठरवण्याची घाई मला मान्य नाही. पडदा हिरवा केला तरी काहीच बिघडत नसेल, तर त्या रंगावर अर्थाचा डोलारा उभा राहत नाही.

म्हणून कोणीही नवा अर्थ मांडला, की मी एवढेच विचारते: कोणता शब्द, कोणता क्रम, निवेदनातला कोणता बदल केला असता हा अर्थ कोसळेल? तो दाखवता आला, तर लेखकाने तसे कधी म्हटले नसले तरी मी तो अर्थ स्वीकारते; दाखवता आला नाही, तर खुद्द लेखकाने मुलाखतीत दुजोरा दिला असला तरी स्वीकारत नाही.