खंडेनवमीचं इंजिन

काल रात्रभर झोप नाही. कारण नट-बोल्टातला एक नट. कुणाला सांगितलं तर म्हणतील एवढंच ना, पण मला ते एवढंच वाटत नाहीये म्हणून लिहायला बसले.

आबांचं वाफेचं छोटं इंजिन घेऊन उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, गेले होते. वैनी म्हणाल्या होत्या, माळा मोकळा करायचाय, ठेवायचं असेल तर कशाचं काय ते नीट विचारून ठेव, नाहीतर भंगारवाला नेईल. वीतभराला जरा कमीच, उभा सिलिंडर, खाली बिडाचा बेस, बाजूला फ्लायव्हीलचं चाक. नावाची पट्टी नाही, नंबर नाही. आमच्या घरात ते कुठनं आलं हे कुणी विचारलंच नाही कधी, आबांनी केलं, संपलं. शाळेच्या प्रदर्शनात मी ठासून सांगितलं होतं की लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 ला याच बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगर केला, आणि आमच्या आबांनी हे इंजिन केलं. एका दमात दोघांची नावं. बाईंनी पाठ थोपटली होती.

तर तिथल्या लेथवर काम करणाऱ्या मामांनी वरच्या झाकणाचा एक स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, काढला, मोजायला व्हर्निअर लावला, 3.2 मिलिमीटर. तीनचा नट लावून बघितला, धरलाच नाही. आट्यांमधलं अंतर तपासायच्या पिच गेजची एकेक पाती आट्यांवर ठेवून दिव्यासमोर धरत होते, प्रत्येक वेळी मधनं उजेड दिसायचा. मग एका गंजक्या डब्यातनं जुना नट शोधून काढला आणि तो बोटानं फिरवला तर लोण्यात सुरी जावी तसा गेला. "हे बीए हाय बगा, जुनं इंग्लिश माप, पाच नंबर. आपल्या मेट्रिकच्या आट्यांचा कोन साठ अंशाचा, हेचा साडेसत्तेचाळीसचा. विलायती माल. कुठनं आणलासा?" बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजला, 19.05 मिलिमीटर, म्हणजे बरोबर पाऊण इंच, स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याची चाल, पण तेवढाच, फ्लायव्हील तीन इंच. मग म्हणाले हे इंग्लंडच्या स्टुअर्ट टर्नर कंपनीचं, टेन व्ही नावाचं मॉडेल.

मला काही बोलताच येईना. घर वाटणीत गेलं, लेथ विकला, काकांशी त्या दिवशी जे बोलणं झालं ते जाऊ दे. हे एकच राहिलं होतं ज्याला आबांचा हात लागलाय असं मी म्हणू शकत होते, आणि ते पण इंग्लंडातनं आलेलं निघालं. सगळं आपल्याच वाट्याला का येतं असं वाटून तिथंच डोळ्यात पाणी आलं, मामा बिचारे चहा सांगायला उठले.

चहा घेता घेता त्यांनीच सांगितलं, ही कंपनी नुसती कच्ची कास्टिंगं, म्हणजे ओतीव भाग, पण विकायची, सोबत ड्रॉइंग. सिलिंडर बोअर करायचा, क्रँक टर्न करायचा, एक्सेंट्रिक करायचा, स्लाइड व्हॉल्व्हचा फेस घासून असा सपाट करायचा की वाफ निसटू नये, हे सगळं घेणाऱ्यानं आपल्या लेथवर करायचं. मग झाकण उलटं करून दाखवलं. एक भोक किंचित सरकलेलं, आणि ते जुळवायला गोल कानशीनं लांबट केलेलं, कानशीचे ओरखडे अजून दिसतात. "कंपनीत असलं भोक पास होत न्हाई," मामा म्हणाले. "हे कुणीतरी घरात बसून केलंय."

कुणीतरी. रात्रभर मी त्या एका शब्दापाशी आहे. बेळगाव म्हणजे कॅम्प, इंग्रजांची लष्करी छावणी, एखाद्या साहेबानं सुट्टीत बसून केलं असेल, जाताना इथंच टाकून गेला असेल, आणि आबांनी नंतर लिलावात घेतलं असेल. किंवा कास्टिंगं आबांनीच मागवली असतील. ते भोक सरकल्यावर कुणाच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, त्याच हाताला तर मी शोधते आहे.

साडेअकराला आत्याला फोन केला. ती म्हणाली, "अगं, केलं म्हणून कधी म्हणाले गं ते? आणलं म्हणून पण नाही. आपलं इंजिन म्हणायचे की."

खरंच की. खंडेनवमीला व्हर्निअर, हातोडी, पक्कड यांच्या रांगेत ते इंजिन असायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि आरती झाली की आबा त्याला रबरी नळीनं सायकलचा पंप जोडायचे. आम्ही भावंडं पाळीपाळीनं पंप मारायचो, फ्लायव्हील गरगर फिरायचं, आणि आबा लांब उभे राहून बघायचे, आपलं इंजिन, आपलं इंजिन. मी केलं, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. ते आम्हीच लावून दिलं, मी सगळ्यात आधी. म्हणजे त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं आणि माझं काही कुणी काढूनही घेतलेलं नाही. पहाटे हे कळलं तेव्हा जरा मोकळं वाटलं.

उद्यमबागेतनं निघताना मामा ते इंजिन रॉकेलच्या ट्रेमध्ये बुडवायला निघाले होते, मी हात धरला. बेस आणि सिलिंडरच्या सांध्यात हळद बसलीय, घट्ट, काळपट पिवळी, नखानं पण निघत नाही. मामांनी बघितलं, काही विचारलं नाही, फक्त क्रँकला दोन थेंब तेल सोडून फ्लायव्हील बोटानं फिरवून दिलं. फिरलं.

पंप माळ्यावरच सापडला. वायसर सुकलाय, उद्या खडेबाजारातनं आणते.