चौथा रकाना

आज थेरपीचं अकरावं सेशन झालं. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, झोप उडालीय, पण मागच्या वर्षीसारखी नाही, तेव्हा नुसतं छताकडे बघत पडायचे, आज लिहावंसं वाटतंय म्हणून जागी आहे.

तेव्हा मला कुणी डिप्रेशन म्हटलं असतं तर हसले असते. माझ्या डोक्यात डिप्रेशन म्हणजे अंधाऱ्या खोलीत रडत पडलेली बाई, आणि मी तर सगळं वेळेवर करत होते, ऑफिसच्या डेडलाइन, लेकीचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या. फक्त चिडायचे. पलंगावर ओला टॉवेल दिसला की अशी भडकायचे की नवरा म्हणायचा अगं टॉवेलच आहे तो. आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी लावून वीस-वीस मिनिटं आतच बसून राहायचे, वर जायचं नकोसं व्हायचं. घरून फोन आला की ट्रॅफिक आहे म्हणून सांगायचे.

चिडचिड हेसुद्धा लक्षण असू शकतं हे मला चाळिशीत कळलं!

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं, थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, कारण त्यात गडबड असली तरी असंच गळून गेल्यासारखं होतं. रिपोर्ट नॉर्मल आले आणि मला चक्क वाईट वाटलं. काहीतरी निघालं असतं तर घरी सांगायला तरी सोपं गेलं असतं ना.

मग एका समुपदेशक बाईंकडे गेले, तर दुसऱ्याच भेटीत "थोडं अ‍ॅडजस्ट करून घ्या हो" सुरू. हे तर मला आत्या फुकटात सांगते. परत गेले नाही, दोन महिने कुठेच गेले नाही, आणि ते दोन महिने वाया गेले असं आता वाटतं, कारण माणूस बदलून बघायचं असतं हे सुचलंच नाही.

आत्ताची थेरपिस्ट कमी बोलते. पहिल्या दिवशी नऊ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला, मागच्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं वगैरे. मग बाळंतपणानंतरचं विचारलं. कुणीच कधी विचारलं नव्हतं. बाळंतिणींमधलं डिप्रेशन ओळखायला खास दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली १९८७ पासून आहे म्हणे, आणि माझी लेक झाली २०१४ मध्ये, तेव्हा जो येईल तो बाळाचं वजन विचारत होता. इतकी रडले त्या दिवशी की पुढचं सेशन रद्द करायला निघाले होते.

सायकियाट्रिस्टनाही एकदा दाखवून आले. औषध ते देतात, थेरपिस्ट देत नाही, हा फरकही मला माहीत नव्हता. तुम्हाला सध्या गोळी नको असं ते म्हणाले, लागली तर घेईन.

बाकी सगळं थेरपिस्टने लिहायला सांगितलेल्या वहीत. चार रकाने, काय घडलं, मनात काय आलं, त्याच्या बाजूने पुरावा, विरुद्ध पुरावा. 'मी वाईट आई आहे' याच्यासमोर तिसरा रकाना दीड पान भरला, तारीखवार! चौथा तीन आठवडे कोरा. मला वाटलं ती काहीतरी गोड बोलून भरून देईल, तर म्हणते, राहू दे कोरा.

परवा लेक दात घासता घासता म्हणाली, आई, तू हल्ली लवकर वर येतेस. मी म्हटलं, कुठून? तर म्हणे, पार्किंगमधून, मला खिडकीतून गाडीचे लाइट दिसतात ना, आधी तू किती वेळ बसायचीस.

म्हणजे ती रोज खिडकीत उभी असायची आणि मी ट्रॅफिक सांगत होते.

हे कुठल्या रकान्यात टाकायचं तेच कळेना. शेवटी दोन्हीकडे लिहिलं.