एक चिपटं म्हणजे किती?

"पिठाचं माप किती घेतीस?" मी आत्तीला विचारलं.
"चिपटंभर."
"आणि पाणी?"
"लागंल तेवढं. आणि एवढं काय लिहूलीस गे?"

पाककृतींचं पुस्तक काढायचं म्हणून मी मनात मांडे खात होते, आणि पहिल्याच दिवशी हे उत्तर पदरात पडलं. पुढची दोन वर्षं त्यातच गेली.

मी बेळगावातल्या शहापूरची. चित्रकलेचे क्लास घेते, लग्नपत्रिकांची, दुकानांच्या पिशव्यांची कामं करते. या पुस्तकात लिहिणारी मी, चित्रं काढणारी मी, आणि शेवटी प्रकाशकही मीच. दोन ठिकाणी विचारून पाहिलं होतं. दोन्हीकडे "फोटो टाका, चित्रं कोण बघतंय" असंच ऐकायला मिळालं.

तर चिपटं. दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. पण हे भरून घ्यायचं माप, तोलून घ्यायचं नव्हे. मी काटा घेऊन बसले. आमच्या पितळी चिपट्यात तांदूळ 200 ग्रॅमच्या आसपास बसले. ज्वारीचं पीठ सैल भरलं तर 130, आणि आत्ती भरते तसं ठोकून, वर शिग लावून भरलं तर 160च्या पुढे. पुस्तकात नुसते ग्रॅम लिहिले तर आत्तीची भाकरी होत नाही, आणि चिपटं लिहिलं तर पुण्यात राहणाऱ्या सुनेनं ते आणायचं कुठून? शेवटी पहिल्याच पानावर चिपट्याचं खऱ्या आकाराचं चित्र काढलं आणि शेजारी सेंटिमीटरच्या खुणा केल्या. घरातली वाटी त्याला लावून बघायची. काठाला आलेला पोचासुद्धा चित्रात घेतला.

नावांचा घोळ वेगळाच. आमच्याकडे पुंडीची भाजी म्हणतात, कोल्हापूर ओलांडलं की तीच अंबाडी. कारळ्याला कुणी गुरेळ म्हणतं. मी शीर्षकात घरचं नाव ठेवलं आणि खाली बारीक अक्षरात दुसरं दिलं. मुखपृष्ठावर मात्र 'बेळगाव'च. 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी आहे, पण आत्ती काही बेळगावीची भाजी करत नाही.

चित्रांत सगळ्यात जास्त छळलं कुंद्यानं, आमच्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईनं. चवीला राजा, पण कागदावर उतरवला की थेट शेण! पाच कागद फाडले. मग लक्षात आलं की रंग चुकत नव्हता, उजेड चुकत होता. खिडकीपाशी वाटी नेली तेव्हा त्याचे रवाळ दाणे एका बाजूनं चमकले. तेवढे ठिपके कोरे सोडले आणि कुंदा जमला. मिरच्यांचं तसं नव्हतं. ब्याडगीच्या सुरकुत्या आणि संकेश्वरीची लांब, सडपातळ अंगकाठी रंगवायला मजा आली.

मांडा तर चित्रासाठी थांबतच नाही. पिठीसाखर भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत मोठी करतात, कोपरापर्यंत पसरली की पालथ्या कढईवर टाकतात आणि गरम आहे तोवरच घडी घालतात. गार झाला की मोडतो. मी मोबाईलवर व्हिडिओ घेतला आणि घरी थांबवून थांबवून रेखाटनं केली.

छपाईचं मला काहीच कळत नव्हतं. जलरंगांची चित्रं 300 डीपीआयला स्कॅन केली, स्क्रीनवर झकास दिसली. छपाईच्या चार शाईंत बदलली तेव्हा मिरच्यांची वीट झाली. सगळे लाल पुन्हा एकेक करून सुधारले. मग फॉन्ट. मी युनिकोडमध्ये टाइप केलेलं डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये गेलं आणि 'पुऱ्या'च्या 'पुर्या' झाल्या. भाकऱ्यांचंही तेच. 112 पानं डोळे फोडून तपासली.

आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाची, मला उगाच धास्ती होती. तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो, लेखकालाही. कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

खरा दणका त्यानंतर बसला. कागद वाया जाऊ नये म्हणून छापखान्यात पानाचा आकार किंचित कमी केला आणि त्याबरोबर आतला सगळा मजकूरही लहान केला. मला कुणी सांगितलं नाही. 16 पानांचा पहिला फॉर्म छापून झाला होता. मी सहज चिपट्याच्या चित्रावर पट्टी ठेवली, तर माझे दहा सेंटिमीटर 9.2 भरले. छापणारा म्हणाला, "मॅडम, आठ टक्क्यानं काय होतंय?" उंची, लांबी, रुंदी तिन्ही आठ टक्क्यांनी घटल्या की आत मावणारं पीठ जवळजवळ 22 टक्क्यांनी घटतं. त्याच्याच टेबलावर हिशेब मांडून दाखवला. फॉर्म पुन्हा छापला, खर्च निम्मा-निम्मा. तो दोष माझाही होता. 'आकार बदलायचा नाही' असं त्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायला हवं होतं.

पहिली प्रत आत्तीला दिली. तिनं चष्मा लावला, चिपट्याच्या चित्रावरून बोट फिरवलं, पोचा दिसला तशी हसली. मग पानं उलटत मांड्यापाशी थांबली. मी चित्रातल्या मांडा करणाऱ्या बाईच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, रंग खुलावा म्हणून.

"बांगड्या घालून कोण मांडा करतंय गे? फाटंल की."

500 प्रती छापल्यात.